तेलोआचं बर्फघर

उपासनाच्या बेसमेंटमध्ये एक अख्खा देश भाड्याने राहतो, असं तिचा नवरा विवेक येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. देश म्हणजे लोसा. प्रशांत महासागरात तेलोआ नावाचं बेट आहे, तिथून शिष्यवृत्तीवर इंजिनिअरिंग शिकायला आलेली मुलगी. तेलोआ तुम्हाला नकाशात सापडणार नाही, शोधायलाही जाऊ नका. विवेकने एकदा भिंग घेऊन शोधलं आणि माशीची घाण समजून पुसून टाकलं. निदान तो तसं सांगतो, आणि विवेकच्या बोलण्यातलं निम्मं सोडून द्यायचं असतं हे ट्रॉयमधल्या सगळ्या मराठी मंडळींना ठाऊक आहे.

उपासना मूळची नांदेडची. ट्रॉयला येऊन केस पिकले. मोटारींचे एसी बनवणाऱ्या एका कंपनीत ती इंजिनिअर. अर्धं वर्ष बर्फात गाडलेल्या मिशिगनमध्ये ही बाई गाड्या थंड कशा कराव्यात याचा पगार घेते, यावरूनही विवेक तिला पिडायचा. एकुलता एक आयुष शिकून नोकरीला लागला तो थेट देशाच्या दुसऱ्या टोकाला, बेलव्ह्यूला. फोन केला की "आई, मीटिंगमध्ये आहे, कॉल यू बॅक," आणि कॉल बॅक कधी येतो ते देव जाणे. देव नाही म्हणणाऱ्यांच्या घरातही हे वाक्य तोंडात येतंच, काय करणार. बेसमेंटमधली त्याची खोली रिकामी होती, तिथे कुणीतरी असावं म्हणून उपासनाने युनिव्हर्सिटीतल्या ओळखीच्या बाईला सांगून ठेवलं होतं.

लोसा पहिल्यांदा आली तेव्हा जानेवारी होता आणि अंगात जाकीट असं पातळ की वारा इकडून शिरून तिकडून बाहेर पडावा. उंच, सावळी, दाट कुरळ्या केसांची, ओठ निळे पडलेले. भाड्याचं बोलायच्या आधीच उपासनाने तिच्या खांद्यावर स्वतःची शाल टाकली आणि चहा टाकला. घरमालकीण म्हणून ती तिथेच हरली.

मग काय, लोसा घरचीच झाली. घरी येणारी पोरं "काकू, काकू" करतात ते ऐकून तीही काकू म्हणायला लागली. बाकी सगळं बोलणं इंग्रजीत, पण आपल्याला काय, अर्थाशी मतलब. ठेचा तिला इतका आवडला की विवेकने हात टेकले. महिन्याच्या बुद्धवंदनेला मंडळी जमली की ती मागे मांडी घालून बसायची, आणि खीर वाटायला सगळ्यात आधी उठायची. वाटताना मात्र तिची एक रीत होती. आधी लहान पोरं, मग म्हाताऱ्या, मग बाकीचे, आणि भांड्यात काही उरू द्यायचं नाही. उरलेलं फ्रिजमध्ये ठेवते म्हटलं की ती अवघडायची. "आमच्याकडे उद्यासाठी झाकून ठेवणाऱ्या बाईला शेजारीण नसते," एकदा ती म्हणाली. आणि शिकत होती शीतकरणाचं इंजिनिअरिंग. हसावं का रडावं सांगा.

उपासनाचा जीव तिच्यात अडकला. स्वतःशी ती हे कबूल करायची नाही, पण लोसाच्या बसला उशीर झाला की खिडकीपाशी दहा चकरा व्हायच्या. आयुषला तिने जन्म दिला, वाढवला, आणि तो बिचारा गुणाचा आहे. पण संध्याकाळी घरात शिरताना "काकू, मी आले" म्हणणारं कुणी असणं ही चीजच वेगळी.

तेलोआवरची गरिबी हा त्या घरातला जेवणाच्या टेबलावरचा कायमचा विषय. विवेककडे रोज नवा उपाय. "हॉटेलं काढा समुद्रकिनारी."

"काका, जहाज महिन्यातून एकदा येतं. पाहुणे पोहून येणार का?"

"मग कॉल सेंटर काढा यार."

"पाऊस आला की इंटरनेट जातं. आणि पाऊस रोज येतो."

मग एकदा लोसाने नीट समजावलं. तेलोआला मासे चिक्कार. बायका-पुरुष मिळून जाळी ओढतात, किनाऱ्यावर ढीग पडतो. त्यातला पहिला वाटा गावात वाटला जातो, कुणाचं घर सुटत नाही. उरलेले विकायचे. पण घेणार कोण? मासे विकत घेणारं बाहेरच्या देशाचं एक मोठं जहाज, ते महिन्याचं नव्हे, दुपारी लांब उभं राहतं. त्याच्या पोटात बर्फ आहे, तेलोआच्या होड्यांत नाही. जहाजवाल्याला घाई नसते. तो थांबतो. ऊन चढतं, मासा मऊ पडायला लागतो, आणि मग तो म्हणेल तो भाव. "आमच्याकडे बर्फ असता ना काकू, तर आम्ही पण थांबू शकलो असतो," लोसा म्हणाली. "गरीब माणसाला थांबताच येत नाही."

उपासनाच्या हातातला घास हातातच राहिला. आयुष्यभर थंडाव्याचं काम करून तिला हे कधी सुचलं नव्हतं.

"मग बर्फाचं मशीन का नाही बसवत?" तिने विचारलं.

"बसवलंय. परदेशी संस्थेने दिलं. सोलरवर चालतं. सिमेंटची मोठी खोली आहे." लोसा ताटाकडे बघत होती. "बंद आहे. उघडलं तेव्हा गावात एक म्हातारा माणूस गेला. नातेवाईक लांबून यायचे होते, म्हणून त्याला तिथे बर्फात ठेवलं. त्यानंतर तिथे कुणी मासा ठेवला नाही."

"त्यानंतर म्हणजे किती दिवस?"

"अजूनपर्यंत."

एवढं बोलून ती भांडी उचलायला उठली. उपासनाला वाटलं, पोरीला आपल्या लोकांची लाज वाटतेय. तिने आणखी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

त्या वर्षीच्या हिवाळ्यात उपासनाने एक काम केलं. लोसाची पदवी मे महिन्यात पुरी होणार होती. परत जाण्याची अट शिष्यवृत्तीच्या कागदावर होती खरी, पण बेटावरून गेलेल्यांपैकी आजवर कुणी परतलं नव्हतं, आणि सरकारनेही मागे धावायचं सोडून दिलं होतं. उपासनाने आपल्या मॅनेजरकडे शब्द टाकला. इतक्या वर्षांत तिने कुणासाठी शब्द टाकला नव्हता, आयुषसाठीसुद्धा नाही, त्यामुळे शब्दाला वजन होतं. इंटरव्ह्यू झाला, लोसा हुशारच होती, नोकरी पक्की झाली. फक्त तिने हो म्हणायचं बाकी.

लोसा हो म्हणेना. नाहीही म्हणेना. "विचार करते काकू," म्हणायची आणि बेसमेंटमध्ये उतरायची.

"तिला परत जायचं असेल," विवेक म्हणाला.

"जाऊन काय करणार तिथे? बंद खोलीकडे बघत बसणार?" उपासना फणकारली. "आपण नांदेडला परत गेलो का? इथे राहून आपण काय वाईट केलं? शाळेला मदत पाठवतो, पोरांच्या फिया भरतो."

 विवेक बायकोला ओळखून होता. ती जे बोलत होती ते बेटासाठी नव्हतं, अर्थशास्त्रासाठी तर नव्हतंच. बेसमेंटमधला दिवा विझू नये, एवढंच तिला हवं होतं.

एप्रिल उजाडला. चौदा एप्रिलच्या जवळच्या शनिवारी आमच्या मंडळींची जयंती असते, एका शाळेच्या कॅफेटेरियात. निळ्या पताका, बाबासाहेबांच्या तसबिरीला हार, पोरांची भाषणं अर्धी मराठीत अर्धी इंग्रजीत, आणि मागे गरम भजी. त्या वर्षी मुख्य भाषण उपासनाचं. शिकलेल्या आणि आपल्या माणसांत बोलणाऱ्या बाईला एकदा सूर सापडला की तिला आवरणं कठीण. विज्ञाननिष्ठा, अंधश्रद्धा, शिक्षण, सगळं आलं. टाळ्या पडत होत्या. आणि मग, अंगात आलं म्हणा की काय, तिने तेलोआ काढलं.

"एक देश आहे," ती म्हणाली. "मासे आहेत, सोलर आहे, बर्फाचं मशीन आहे. नाही काय, तर विचार. एका मेलेल्या म्हाताऱ्याला त्या खोलीत ठेवलं, झालं, खोली विटाळली. आता उपाशी राहतील पण तिथे मासा ठेवणार नाहीत. विटाळ काय असतो हे आपल्याला कुणी शिकवायला नको. आपल्या हाताने पाणी विटाळत होतं. मी सांगते, विटाळ पाळणारा समाज गरीबच राहतो, मग तो आपल्याकडचा असो की पॅसिफिकमधला."

हॉल टाळ्यांनी दणाणला. लोसा दुसऱ्या रांगेत बसली होती. भाषण मराठीत, तिला काय कळणार, असा उपासनाचा हिशोब. पण शेजारी नैना होती, उपासनाच्या मैत्रिणीची, सुलेखाची मुलगी, इथेच जन्मलेली, भारी मनमिळाऊ पोर. पाहुणीला एकटं वाटू नये म्हणून ती बिचारी शब्द न् शब्द इंग्रजी करून लोसाच्या कानात सांगत होती.

घरी येताना गाडीत लोसा खिडकीबाहेर बघत होती. दमली असेल, उपासनाला वाटलं. घरी आल्यावर लोसाने बूट काढले, नीट जोडीने ठेवले आणि म्हणाली, "काकू, मी नोकरी घेते. सोमवारी तुमच्या मॅनेजरला सांगा."

जे ऐकायला महिनाभर कान टवकारले होते ते ऐकू आलं, आणि उपासनाला आनंद व्हायला हवा होता. पोरगी खाली गेली. जिन्यावर तिचं रोजचं धावणं ऐकू आलं नाही. उपासना स्वयंपाकघरात उभी राहिली, आणि आपल्याला आनंद का होत नाहीये ते तिला समजेना.

समजावलं सुलेखाने. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिचा फोन. "अगं उपासना, नैना रात्री रडत होती. म्हणते, मी त्या लोसाला सगळं ट्रान्सलेट केलं, आणि तिने माझा हात इतका घट्ट धरला. मला म्हणाली, द ओल्ड मॅन इज माय ग्रँडफादर. तुला माहीत होतं का गं?"

उपासनाने फोन ठेवला आणि खुर्चीत बसली.  म्हातारा. मेलेला म्हातारा. भर सभेत. विवेकने चहा पुढे ठेवला, तो तसाच निवला. "आता डोक्याला हात लावून बसू नकोस," तो हळूच म्हणाला, "खाली जा."

ती गेली. लोसा पलंगावर बसून आईस्क्रीमच्या रिकाम्या डब्यातली माती उकरत होती. त्यात तिने मिरचीचं रोप लावलं होतं. डोळे सुजलेले, पण उठून तिने काकूंना जागा करून दिली. त्या जागा करून देण्यानेच उपासनाचा बांध फुटला.

"मला माफ कर," ती म्हणाली. "मी माजले होते. न विचारता बोलले."

"तुम्ही खोटं काही नाही बोललात," लोसा म्हणाली. "सगळे तेच म्हणतात. मशीन देणाऱ्यांनीही तेच लिहून नेलं."

"ते जाऊ दे. तू सांग. काय झालं होतं?"

आणि मग लोसाने सांगितलं. बर्फघर आलं ते तिच्या आजोबांमुळेच. दर वेळी पाहुणे अधिकारी आले की हा माणूस होडी घेऊन त्यांच्यासमोर उभा. लोक हसायचे. म्हातारा बर्फ मागतोय, म्हणायचे, पॅसिफिकच्या उन्हात. शेवटी मशीन आलं, सुरू झालं, पहिली लादी त्यांनी हातात धरून पोरांना चाटायला दिली. आणि त्याच आठवड्यात होडीवरच गेले. लोसाचं तेव्हा अमेरिकेतलं पहिलं वर्ष, या घरात यायच्या आधीचं. तिला बापासारखे तेच. आजी म्हणाली, पोर आल्याशिवाय पुरायचं नाही. तेलोआत आजवर मयत थांबवायची रीत नव्हती, कारण थांबवायला बर्फच नव्हता. विमानं बदलत, मग जहाजाची वाट बघत लोसा पोचली तेव्हा आजोबा तिथे होते. चेहरा तसाच. तिने गालाला हात लावला.

"त्यांना भेटले मी," ती म्हणाली. "पुरलं, आणि तेच जहाज परत निघत होतं, ते चुकलं असतं तर माझी परीक्षा बुडाली असती. मी लगेच निघाले. माझ्यासाठी ठेवलं होतं काकू त्यांना. माझ्यामुळे ती खोली बंद पडली. त्यांनी गावासाठी आणलेली एक गोष्ट, ती मी वाया घालवली. कुठल्या तोंडाने परत जाऊ?"

उपासनाने तिला जवळ ओढलं.  मग तीच बोलू लागली, आणि जे बोलली ते विवेकलाही इतकं उघडपणे तिने कधी सांगितलं नव्हतं.

"माझी आई नांदेडला अंगणवाडीत मदतनीस होती. मी इथे शिकायला आले तेव्हा आजारी पडली. मला सांगितलं नाही. फोनवर म्हणायची, मला काय धाड भरलीय, तू अभ्यास कर. भावालाही दम दिला होता, पोरीच्या कानावर घालशील तर बघ. माझी परीक्षा झाली त्या संध्याकाळी भावाने फोन केला. तोवर सगळं उरकलं होतं. माझ्यासाठी कुणी थांबलं नाही, लोसा. तिनेच थांबू दिलं नाही. मला अजून तिचा राग येतो. आणि मी सभेत उभी राहून कुणाला हसले? नातीसाठी थांबलेल्या माणसाला."

लोसा आता तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती. उपासना तिच्या केसांतून हात फिरवत होती आणि तिच्यातला इंजिनिअर, काय करणार, सवयच ती, हळूहळू जागा होत होता. विटाळ म्हणजे माणसाला लांब सारणं. या लोकांनी तर म्हाताऱ्याची जागा राखून ठेवली होती. मग ती राहू दे की त्याची. मशीन खोलीच्या बाहेर असतं. कॉम्प्रेसर काही आजोबांशेजारी झोपला नव्हता.

"ऐक," ती म्हणाली. "खोली सोडून द्यायची. मशीन सोडवून दुसऱ्या शेडमध्ये बसवता येईल. पाइप नवे लागतील, एवढंच."

"लोक ऐकणार नाहीत."

"विचारलंस?"

लोसाने खांद्यावरचं डोकं वर उचललं.

"कुणी विचारलंय का त्यांना? मशीन देणाऱ्यांनी शहाणपण शिकवलं. मी पण शिकवलं, तेही इथे भजी खात. या खोलीचं काय करायचं, हे तुझ्या आजीला कुणी विचारलं का?"

आजीला नोकरीचं सांगायला फोन करायचाच होता. तेलोआत फोन दवाखान्यात. इथे रविवारची दुपार, तिथे सोमवारची सकाळ. नर्सने आजीला बोलावून आणलं तोवर फोनमधून कोंबड्यांचे आवाज येत होते. लोसाने स्पीकर लावला. आजीचा आवाज खणखणीत, फोनवर विश्वास नसलेल्या सगळ्या म्हाताऱ्यांसारखी ती ओरडून बोलत होती. उपासनाला भाषा कळत नव्हती, पण लोसाने भीतभीत काहीतरी विचारलं, एवढं कळलं.

मग आजी बोलू लागली. सावकाश, थांबत. लोसा ऐकता ऐकता पलंगावरून खाली जमिनीवर बसली.

"काय म्हणतात?"

"म्हणते, खोली बंद नाहीये." लोसा म्हणाली. "थांबलीय."

"कुणासाठी?"

"आमच्यात होडीची रीत आहे काकू. कुणी समुद्रावर वारला तर त्याची होडी किनाऱ्यावर तशीच ठेवतात. कुणी शिवत नाही. ज्याच्यात त्याचा जीव अडकला होता तो माणूस येतो, होडीत बसतो, त्यातून आलेला पहिला मासा स्वतःच्या हाताने गावात वाटतो. मग ती होडी पुन्हा सगळ्यांची होते. आजी म्हणते, तुझ्या आजोबांची शेवटची होडी ती खोली. मी वाटप न करताच जहाजावर चढले. मला ठाऊक असायला हवं होतं. मला वाटलं ती फक्त होडीची गोष्ट."

"मग त्यांनी तुला बोलावलं का नाही? एक फोन केला असता तर."

लोसाने तेच विचारलं असावं, कारण आजीचा आवाज चढला. शेजारून आणखी दोन-चार बायकांचे आवाज मिसळले. लोसाने तोंडावर हात धरला. 

"गावाची सभा झाली होती. काही जण म्हणाले, बोलवा पोरीला. आजी म्हणाली, आली तर शिक्षण मोडेल, पुन्हा कोण पाठवतंय तिला. मग सगळ्यांनी ठरवलं. मला कळू द्यायचं नाही. तोवर जहाजवाला देईल तो भाव घ्यायचा." तिने उपासनाचा हात धरला. "काकू, सगळं गाव. माझ्या परीक्षांसाठी."

उपासनाला समोरचं दिसेना. डोळ्यांपुढे ते अख्खं गाव होतं, आणि एकेक बाई तिच्या आईच्या आवाजात म्हणत होती, मला काय धाड भरलीय, तू अभ्यास कर. इतकी वर्षं सांभाळलेला राग कुठे ठेवावा ते तिला कळेना. विटाळ म्हणाली होती ती याला. माइकवरून.

फोनमधून आजीने काहीतरी विचारलं.  आजीने पुन्हा विचारलं, आता जरा समजुतीने.

"ती तुमच्याशी बोलतेय," लोसा म्हणाली. "म्हणते, जिच्या घरी माझी पोर जेवते ती बाई तिथे आहे का? तिला विचार. माझ्या पोरीचं शिकणं संपलं का? संपलं नसेल तर सांग. आम्ही आणखी थांबू. आम्हाला आता सवय झालीय."

लोसाने डोळे पुसले आणि काकूंकडे पाहिलं. "तुमचा शब्द अडकलाय ऑफिसात. मी हो म्हणाले आहे. मी तुम्हाला तोंडघशी पाडणार नाही काकू. तुम्ही सांगाल तेच मी तिला सांगते."

वर विवेकच्या पावलांचा आवाज थांबला होता. तो जिन्याच्या तोंडाशी उभा असणार. उपासनाने खोलीकडे पाहिलं. आयुषचं जुनं टेबल, त्यावर लोसाची पुस्तकं, खिडकीशी वाळत घातलेले मोजे. नाही म्हणणं किती सोपं होतं. अजून एक-दोन वर्षं कंपनीत राहिली तर अनुभव मिळेल, तेही शिक्षणच की. खोटंसुद्धा ठरलं नसतं. तिकडे त्यांनी मान डोलावली असती, दुपारच्या उन्हात जहाजवाल्यापुढे आणखी उभे राहिले असते, आणि इकडे रोज संध्याकाळी "काकू, मी आले." तिला ते हवं होतं. 

"झालं म्हणावं," ती म्हणाली. "सांग त्यांना, झालं शिक्षण."

 लोसा नुसती मान हलवत होती, आणि फोनमध्ये आजी "हॅलो, हॅलो" करत होती. शेवटी उपासनाच फोनवर वाकली आणि नर्सला समजावं म्हणून एकेक शब्द सावकाश इंग्रजीत म्हणाली, "ती पास होतेय. मे महिन्यात संपतंय. ती घरी येतेय."

पलीकडे नर्सने ते त्यांच्या भाषेत सांगितलं.  मग कुणीतरी बाई ते वाक्य मोठ्याने ओरडत दवाखान्याबाहेर पळाली, बाहेर दुसरीने ते उचललं, आणि ट्रॉयच्या त्या बेसमेंटमध्ये बसून दोघी जणी ते एका घरातून दुसऱ्या घरात जाताना ऐकत राहिल्या.